नो-लिमिट पोकर : बेटच्या आकड्यात होणाऱ्या या चुका टाळा

इंदुरात मराठी घरांतल्या पोरांना पत्त्यांची गोडी लागते ती बहुधा दिवाळीतल्या तीन पत्तीतून. तीच सवय घेऊन ती पोकरच्या टेबलावर येतात: मागच्याने जेवढी चाल लावली तेवढी, फार तर दुप्पट. तीन पत्तीत चालीला मर्यादा असते, म्हणून तिथे ते ठीक. नो-लिमिटमध्ये बेटला वरची मर्यादा नसते; आकडा तुमच्या हातात असतो आणि तो मागची बेट नव्हे, पॉट (मधे जमलेल्या सगळ्या चिप्स) बघून ठरवायचा असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यात पोकरही आला. तेव्हा हे सगळं फुकट चिप्सच्या टेबलापुरतं. "परदेशी साइटवर चालतं" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

सगळ्यात महागात पडते ती भारी हात असतानाची कंजुषी. पत्ते वाटण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या रकमांपैकी मोठी ती बिग ब्लाइंड, तिच्या निम्मी ती स्मॉल ब्लाइंड. दोघांकडे प्रत्येकी १०० बिग ब्लाइंड आहेत असं धरा; पुढचे आकडेही बिग ब्लाइंडमध्येच. तुम्ही ३ लावले, बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केला (म्हणजे तेवढेच लावले), स्मॉल ब्लाइंडचा अर्धा पडलेला. पॉट झाला साडेसहा. तुमच्याकडे अठ्ठ्यांची जोडी आणि फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, राजा, अठ्ठी, तिर्री; तुमच्या तीन अठ्ठ्या झाल्या. समोरचा पळू नये म्हणून तुम्ही फ्लॉपवर २, मग चौथ्या पत्त्यावर ३, मग पाचव्यावर ५ लावलेत आणि त्याने सगळे कॉल केले, तर शेवटी पॉट साडेसव्वीस. त्याऐवजी दर वेळी पॉटच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे साडेचार, १० आणि २४ लावले असते, तर साडेत्र्याऐंशी. हात तोच, पत्ते तेच, फरक तिपटीहून जास्त. प्रत्येक बेट आधीच्या पॉटवरच वाढते, म्हणून फ्लॉपवर वाचवलेलं रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) सहजी भरून निघत नाही. आणि साडेसहाच्या पॉटमध्ये एकदम ९७ ढकललेत, तर राजांची जोडी झालेलासुद्धा पत्ते टाकून देईल.

बोर्डवर (मधल्या उघड्या पत्त्यांत) दोन बदाम असतील तर आणखी जपा. समोरच्याकडेही दोन बदाम असले, तर त्याच्या कामाचे ९ पत्ते उरतात. पुढच्याच पत्त्याला फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) लागण्याची शक्यता साधारण १९ टक्के. पाव पॉट लावलात तर त्याचा कॉल परवडायला जिंकण्याची १७ टक्के शक्यता पुरते, म्हणजे त्याचा कॉल तुम्हीच फायद्याचा करून दिलात. अर्ध्या पॉटला २५ टक्के शक्यता लागते. फ्लश लागल्यावर तुमच्याकडून त्याने फार काही काढलं नाही, तर तो तोट्यातच राहतो.

भारी हाताला मोठी आणि ब्लफला (कमजोर हातावर समोरच्याला पळवायला लावलेल्या बेटला) छोटा आकडा, हीही खोड मोडा. नेहमीचे गडी चार-दोन डावांत ओळखतात. एकाच जागी दोन्हींना एकच आकडा ठेवा.

ब्लफचा हिशेब सोपा आहे: अर्धा पॉट लावलात तर तीनांतून एकदा समोरच्याने पत्ते टाकायला हवेत, पूर्ण पॉट लावलात तर दोनांतून एकदा. फुकट चिप्सवर लोक काहीही कॉल करतात, म्हणून तिथे ब्लफ कमी आणि भारी हाताला बेट मोठी.

तरीही चिप्स गळत असतील तर हँड हिस्टरी, म्हणजे खेळलेल्या डावांची नोंद, उघडा. हरलेले डाव सगळेच बघतात. तुम्ही जिंकलेले बघा. प्रत्येक बेटशेजारी ती पॉटच्या किती पट होती ते लिहा. तुमच्या भारी हातांच्या नोंदीत पाव, पाव असंच येत गेलं, तर गळती तिथे आहे.