खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी फिल्टर मीडिया कसा निवडावा

मीडिया, म्हणजे पाणी स्वच्छ राखायला फिल्टरमध्ये भरायचे साहित्य, विकत घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: टाकीत नुसते मासे राहणार की प्रवाळही? नुसत्या माशांच्या टाकीत नायट्रेट २० ते ४० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) झाले तरी बहुतेक मासे निभावून नेतात. प्रवाळ ठेवायचे तर नायट्रेट साधारण १० च्या आत आणि फॉस्फेट ०.१ च्या आत ठेवावे लागते. मीडियाची निवड या आकड्यांवरून होते, डब्यावरच्या जाहिरातीवरून नाही.

पायरी १: आधी जिवाणूंची सोय

माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया पाण्यात येतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खाऱ्या टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. गोड्या पाण्यात खपून जाणारी हयगय इथे खपत नाही ती यामुळेच.

हे जिवाणू मुख्यतः पृष्ठभागाला चिकटून वाढतात, म्हणून सच्छिद्र मीडिया हवा. माझी पहिली पसंती खडकालाच, मग तो लाइव्ह रॉक (जिवाणू आधीच वसलेला समुद्रातला खडक) असो वा कोरडा रीफ रॉक. खडकाच्या आत खोलवर ऑक्सिजन कमी असतो आणि तिथे वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. बायोबॉलमध्ये (प्लास्टिकच्या जाळीदार गोळ्यांमध्ये) हवा खेळती राहते, त्यामुळे काम नायट्रेटपर्यंत येऊन थांबते. ते वाईट नाहीत. नुसते मासे असतील आणि पाणी नियमित बदलत असाल तर चालतात. खडक कमी असेल तर सिरॅमिक रिंग किंवा ब्लॉक घ्या. खडक पुरेसा असेल तर आणखी डबे भरून फारसे काही साधत नाही, कारण जिवाणूंची संख्या ठरते ती मिळणाऱ्या अमोनियावर, जागेवर नव्हे.

यानंतर थांबायचे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे आणू नका.

पायरी २: गाळ अडवणारा मीडिया

आधी जाड स्पंज, मग फिल्टरचा कापूस. सम्प (मुख्य टाकीला जोडलेली फिल्टरची वेगळी टाकी) असेल तर १०० किंवा २०० मायक्रॉनचा फिल्टर सॉक, म्हणजे गाळणीची पिशवी. निवडीपेक्षा बदलणे महत्त्वाचे. अडकलेला गाळ टाकीतच कुजत असतो, त्यामुळे दर ३-४ दिवसांनी कापूस बदला, सॉक धुवा. सॉकच्या काठावरून पाणी ओसंडू लागले म्हणजे उशीरच झाला. एवढे जमणार नसेल तर कापूस लावूच नका. तो पैसा चांगल्या प्रोटीन स्किमरकडे, म्हणजे पाण्यात बुडबुडे सोडून फेस काढणाऱ्या यंत्राकडे, वळवा. खाऱ्या पाण्यात बारीक, टिकाऊ बुडबुडे होतात आणि सेंद्रिय घाण कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर पडते.

पायरी ३: रासायनिक मीडिया, तोही गरज दिसल्यावर

अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पाण्याचा पिवळेपणा, वास आणि प्रवाळांनी सोडलेली काही विषद्रव्ये ओढून घेतो. गरज आहे का हे पाहायचे तर दोन पांढऱ्या बादल्या शेजारी ठेवा: एकीत टाकीचे पाणी, दुसरीत नव्याने कालवलेले खारे पाणी. फरक लगेच दिसतो. कार्बन आरओ पाण्यात काळे पाणी निघायचे थांबेपर्यंत धुवा, जाळीच्या पिशवीत भरून पाणी आरपार जाईल अशा जागी ठेवा आणि ३-४ आठवड्यांनी बदला. काही कार्बनमधूनच फॉस्फेट सुटते. चमचाभर कार्बन रात्रभर आरओ पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी तपासले की कळते.

फॉस्फेटसाठी जीएफओ, म्हणजे गंजाच्या रंगाचे लोहाचे दाणे. सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करा. फॉस्फेट एकदम खाली आले तर प्रवाळांना झटका बसतो, आणि पार शून्यावर नेणेही नको, त्यांनाही ते थोडे लागते. त्याआधी खाद्य कमी करून पाहा, गोठवलेले खाद्य धुऊन घाला, बाष्पीभवनाची भर आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेल्या) पाण्याने करा. पुष्कळदा तेवढ्यावरच भागते.

अमोनिया शोषायला झिओलाइट हे खनिज घेऊ नका. गोड्या पाण्यातले वापरलेले झिओलाइट पुन्हा ताजे करायला ते मिठाच्या पाण्यातच बुडवतात; तिथे सोडियम अमोनियाला हुसकावून बाहेर काढतो. मग खाऱ्या टाकीत ते काय धरून ठेवणार?

पायरी ४: मांडणी आणि निगा

कॅनिस्टरमध्ये (टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये) पाण्याच्या वाटेवर आधी गाळ अडवणारा मीडिया, मग जिवाणूंचा, शेवटी रासायनिक. जिवाणूंचा मीडिया नळाखाली धरू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या, तेही एका वेळी निम्माच. माशांना औषध देताना कार्बन बाहेर काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. तांब्याचे औषध मात्र वेगळ्या टाकीतच द्या: खडक तांबे शोषतो, आणि कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना ते घातक असते.