जर्मनीत नॉलेज ग्राफ शिकायला येताय? आधी परीक्षेची नोंदणी, मग स्पार्कल

दर सप्टेंबरात तेच प्रश्न येतात. कुकर आणावा का, तूप चालतं का, आणि मध्येच कुणीतरी विचारतं, "ताई, नॉलेज ग्राफसाठी बेस्ट युनिव्हर्सिटी कुठली?" कुकर आणा. तूप आणि पेढे आणू नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे. तिसऱ्या प्रश्नाला मात्र एका ओळीत उत्तर नाही.

नॉलेज ग्राफ म्हणजे गोष्टी आणि त्यांच्यातले संबंध जोडून मांडलेला माहितीचा आलेख, आणि स्पार्कल ही त्या आलेखाला प्रश्न विचारायची भाषा. हा विषय या देशात चांगला रुजलेला आहे. २००७ मध्ये विकिपीडियातल्या माहितीचौकटी उपसून डीबीपीडिया हा नॉलेज ग्राफ उभा राहिला, त्यात लाइपझिगचं विद्यापीठ आणि बर्लिनचं मुक्त विद्यापीठ होतं. यागो हा दुसरा ग्राफ झारब्रुकनच्या माक्स प्लांक संस्थेतला. विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाचा जोडीदार असलेला खुला माहितीसाठा, ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाला, तोही बर्लिनच्या विकिमीडिया डॉइचलांडकडून. गूगलनं 'नॉलेज ग्राफ' हे नाव त्याच वर्षी मे महिन्यात गाजवलं, पण काम त्याआधीपासून चालू होतं. म्हणून म्हणते, जागतिक क्रमवारीचे तक्ते बाजूला ठेवा. पुण्यातले एजंट त्या तक्त्यांवर जगतात. तुम्ही बघायचा तो संशोधनगट: कोण आहेत, गेल्या दोन-तीन वर्षांत काय छापलंय, आणि मुख्य म्हणजे अजून तिथंच आहेत का. इथले प्राध्यापक नवी जागा मिळाली की गाव बदलतात, आणि त्यांच्यासोबत अख्खा विषय जातो.

पदवीच्या नावात 'नॉलेज ग्राफ' शोधत बसू नका. पदवी असते इन्फॉर्मेटिक (म्हणजे संगणकशास्त्र) किंवा डेटा सायन्स. विषय आत लपलेला असतो, कधी सिमँटिक वेब म्हणून, कधी नॉलेज रिप्रेझेंटेशन म्हणून. मोडूलहांडबुख नावाची भली मोठी पीडीएफ असते, ती अर्ज करायच्या आधी वाचा. त्यात विषय कुठल्या भाषेत शिकवतात आणि कुठल्या सत्रात होतो ते लिहिलेलं असतं. बरेच विषय वर्षातून एकदाच होतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

फी बहुतेक ठिकाणी नाही, फक्त सत्रशुल्क. बाडेन-व्युर्टेमबेर्ग मात्र आपल्यासारख्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं, म्हणजे कार्ल्सरुहं, श्टुटगार्ट, मानहाइम सगळं त्यात आलं. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला, वेळेत काढा. बँक, सिम, आरोग्यविमा सगळ्यांचं होतं, तुमचंही होईल.

आता परीक्षेची नोंदणी. हा भाग दोनदा वाचा.

आपल्याकडे कॉलेजात नाव घातलं, फॉर्म भरायची वेळ आली की शिपाई वर्गात येऊन ओरडून जातो. राहिलाच कुणाचा, तर लेट फी भरून भागतं. इथं तसं नाही. व्याख्यानाला बसणं वेगळं, ऑनलाइन शिकवणीपानावर नाव घालणं वेगळं आणि परीक्षेची नोंदणी वेगळी. ती एका निराळ्या संकेतस्थळावर, ठरलेल्या मुदतीत स्वतः करायची असते. कधी मुदत परीक्षेच्या दोन महिने आधीच संपते. प्राध्यापक आठवण करतीलच असं नाही, आणि मुदत गेल्यावर त्यांच्या हातातही बहुधा काही नसतं. 'सर, प्लीज' इथं चालत नाही, कितीही भला माणूस असला तरी.

माझ्या पाहण्यातला एक मुलगा. वर्गात सगळ्यात हुशार, प्रत्येक गृहपाठ वेळेवर, स्पार्कल तर इतरांना शिकवायचा. परीक्षेच्या सकाळी पोचला तर यादीत नाव नाही. विषय वर्षातून एकदाच, पुढची परीक्षा वर्षानं, आणि तो झाल्याशिवाय त्या गटात प्रबंध मिळेना. राहण्याचा परवाना वाढवायचा तर आणखी एका वर्षाचा खर्च दाखवा. सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे खर्चाची सोय दाखवायला पैसे अडकवून ठेवायच्या खात्याला, वर्षाचे ११,९०४ युरो लागतात. घरी वडिलांनी पुन्हा कर्ज काढलं. त्याच्यानंतरही दरवर्षी कुणी ना कुणी त्याच खड्ड्यात पडतंच, सांगूनसुद्धा.

याची दुसरी बाजूही आहे. नोंदणी करून, मुदतीत रद्द न करता आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गैरहजर राहिलात तर ते नापास धरलं जातं. बऱ्याच विद्यापीठांत एका परीक्षेला तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिन्ही गेल्या की पदवीच संपते, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा घेता येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात आपल्या पदवीची परीक्षा-नियमावली उघडा. फक्त जर्मनमध्ये असेल तर भाषांतर करून वाचा. ग्रूपवरच्या सीनियरला विचारू नका, त्याची नियमावली जुनी असते.

विषयाबद्दल. बरीच पोरं नीओफोरजे हा तयार आलेख-डेटाबेस टाकून, त्याला भाषामॉडेल जोडून, दोन आठवड्यांत चॅटबॉट करतात आणि विषय आला असं समजतात. इथं परीक्षा पुष्कळदा तोंडी असते, वीस-तीस मिनिटं, समोर कोरा कागद. व्याख्या पाठ करून गेलात तर तिसऱ्या 'का?'ला अडकता. आरडीएफ (माहिती त्रिकुटांत लिहायची पद्धत), स्पार्कल, आउल (संकल्पनांचे नियम तर्काच्या भाषेत मांडणं), शॅकल (माहिती नियमांत बसते का ते तपासणं) या क्रमानं चला, आणि आउलच्या आधी थोडं तर्कशास्त्र. सगळ्यांची गाडी अडते ती मुक्त-जगाच्या गृहीतकापाशी: आलेखात एखादी गोष्ट लिहिलेली नाही म्हणजे ती खोटी आहे असं नाही, ती फक्त ठाऊक नाही. तक्त्यांच्या डेटाबेसवर, म्हणजे एसक्यूएलवर, वाढलेल्या डोक्याला हे लवकर पटत नाही. (जर्मन कचेरी नेमकी याच्या उलट चालते. कागदावर नाही ते अस्तित्वातच नाही.)

सरावाला विकिडेटा घ्या. तिथली क्वेरी साठ सेकंदांत संपली नाही तर तोडली जाते, त्यामुळे आपोआप शिस्त लागते. 'पी३१' म्हणजे 'कशाचं उदाहरण' एवढंच वापरून शहरं मागितलीत तर उपवर्गात नोंदवलेली सुटतात, सोबत 'पी२७९'ची साखळी लावावी लागते. आणि उदाहरणं आपली घ्या. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा हा वाद आपण लहानपणापासून ऐकलाय. राज्य सरकारनं २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० स्वीकारली, ती ज्युलियन दिनदर्शिकेतली, आणि तिथीवाल्यांचं गणित वेगळंच. आता हे आलेखात मांडा: एकाच माणसाला दोन जन्मतारखा, प्रत्येकीला संदर्भ, दिनदर्शिका आणि अग्रक्रम. अशा मांडणीची सोय विकिडेटाच्या रचनेत आहे. हे एक उदाहरण नीट मांडता आलं तर तोंडी परीक्षेत मॉडेलिंगवर बोलायला भरपूर हाताशी येतं.

एम्बेडिंगकडे, म्हणजे आलेखातल्या गोष्टी आकड्यांत बसवून सुटलेले संबंध ओळखण्याकडे, जाणाऱ्यांना एकच सांगते. एफबी१५के या जुन्या चाचणीसंचावरचे आकडे प्रबंधात मिरवू नका. त्यात उलटे संबंध भरलेले होते. प्रशिक्षणात 'अ हा ब चा दिग्दर्शक' आणि चाचणीत 'ब चा दिग्दर्शक अ' असं असल्यावर उत्तर आधीच फुटलेलं. म्हणून २०१५ मध्ये २३७ संबंध ठेवून नवा संच केला. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

गटात शिरायचा रस्ता म्हणजे हीवी, विद्यार्थी-सहायकाची नोकरी. वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची जी मर्यादा आहे, तीत विद्यापीठातलं हे काम मोजत नाहीत. मेल प्राध्यापकांना नव्हे, त्यांच्या पीएचडीच्या मुलांना करा. 'रिस्पेक्टेड सर, तुमच्या महान कार्यानं भारावून' असं लिहिलेलं उत्तराविना पडून राहतं. पाच ओळी पुरतात: कोण, काय केलंय, तुमचा कुठला लेख वाचला, त्यात काय खटकलं, आठवड्याला किती तास देईन. खटकलेलं लिहिलं म्हणून इथं कुणी रागावत नाही, उलट त्यालाच उत्तर येतं. जर्मन माणूस तोंडावर 'हे चूक आहे' म्हणतो आणि पुढच्या मिनिटाला कॉफीला नेतो. पहिल्या वर्षी आपल्याला अपमान वाटतो, नंतर सोपं जातं.

आपल्या माणसांबद्दल थोडं कडू बोलते. चार मराठी मुलं एका फ्लॅटमध्ये, रोज वरण-भात, शनिवारी पत्ते, आणि दोन वर्षांनी 'इथं नोकऱ्याच नाहीत' ही तक्रार. नोकऱ्या आहेत, त्यांच्या बैठका जर्मनमध्ये होतात. वर्ग इंग्रजीत झाला म्हणून कारखान्यातला डेटा इंग्रजीत नसतो. पहिल्या सत्रापासून विद्यापीठाचा जर्मन वर्ग लावा, बहुतेक ठिकाणी फुकट किंवा स्वस्त असतो. गणपतीला मंडळात जरूर या, मोदक चांगले असतात.

प्रबंध कंपनीत करायचा असेल तर आधी विद्यापीठातला मार्गदर्शक पक्का करा, मग कंपनीशी करार. उलट केलंत तर विषय हातात आणि सही करायला कुणी नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, पण परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ मिळायलाच काही महिने जातात. त्यामुळे प्रबंध जमा केल्याच्याच आठवड्यात अर्ज टाका, आणि पदवीचं तात्पुरतं पत्र परीक्षा कार्यालयाकडे स्वतःहून मागा.