मालवणात स्नॉर्केलिंगला जाताना या चुका टाळा

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर मी गेली बारा वर्षे दर हिवाळ्यात स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्याखालचे पाहण्यासाठी, उतरतो, आणि शेजारच्या होड्यांमध्ये दर वेळी त्याच चुका पाहतो. माणसे रात्रभर गाडी चालवून येतात, पैसे मोजतात आणि धुरकट काचेतून हिरवट पाणी पाहून परत जातात. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याच जागी, योग्य वेळी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे हाताच्या अंतरावरून जातात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सुट्टीचा वार पाहणे आणि तिथी न पाहणे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. तेव्हा पाण्याची ओढ वाढते, तळचा गाळ उठतो आणि ओहोटीबरोबर खाडीचे गढूळ पाणी बाहेर पडते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, ओढ कमी राहते आणि गाळ खाली बसतो. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब अंदाजाचा असला तरी बेत आखायला पुरतो. ओढ कमी आणि भरती सकाळी, म्हणून मी नेहमी दशमी-एकादशीची सकाळ धरतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी शांत राहते. दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात.

दोन वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ कुटुंबासह नेमका पौर्णिमेच्या शनिवारी आला. दुपारी सुरमईचे भरपेट जेवण झाल्यावर त्याने दोन वाजता होडी काढायला सांगितले. आमच्या ओळखीच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या चालकाने, पाण्याकडे पाहून स्पष्ट सांगितले, "पाणी गढूळ आसा, उद्या सकाळी येवा." आतेभावाला रविवारी परतायचे होते, म्हणून त्याने दुसरी होडी ठरवली, आणि मीही त्याला अडवायला हवे तितके अडवले नाही. ओहोटी जोरात होती. होडी नांगरावर डुलू लागताच त्याच्या बारा वर्षांच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या. तो स्वतः पाण्यात उतरला, तेव्हा त्याला लांबवलेल्या हाताची बोटे धड दिसेनात आणि खडकाजवळ टिकण्यासाठी सतत पाय मारावे लागले. दहा मिनिटांत तो दमून वर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, भरती चढत असताना, आम्ही आधीच्याच तांडेलाबरोबर गेलो. तेव्हा त्याच मुलीने पाऊण तास पाण्यातून डोके वर काढले नाही. ज्यांना एवढा एक दिवस थांबता येत नाही, त्यांनी हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक मास्कची. नवखे लोक मास्क पहिल्यांदा होडीवरून उडी मारतानाच चढवतात, पाणी आत शिरले की पट्टा आणखी आवळतात, आणि आवळल्यामुळे सिलिकॉनची कड वाकडी होऊन गळती वाढते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा आहे. कडेखाली केस येऊ देऊ नयेत. मिशी असल्यास तेथून थोडे पाणी येणारच. मी वरच्या ओठावर पेट्रोलियम जेली लावतो. काच धुरकट होते ती आतल्या उबदार दमट हवेमुळे. कोरड्या काचेला आतून थुंकी चोळून मास्क समुद्राच्या पाण्यात एकदा विसळणे, एवढा उपाय मला आजवर पुरला आहे. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो आधी टूथपेस्टने घासून काढावा. हे सर्व कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास करून पाहावे, आणि नळीत पाणी गेल्यास जोरात फुंकून ते बाहेर टाकण्याचा सरावही तेथेच करावा. खोल पाण्यात घाबरलेल्या माणसाला यातले काहीही शिकवता येत नाही.

प्रवाळावर उभे राहू नये. तो दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. माशांना बिस्किटे किंवा पाव टाकू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही.

होडी लागून उलट्या होऊ नयेत म्हणून घ्यायची गोळी होडीत बसण्याआधी निदान अर्धा तास घ्यावी.

पाठ उन्हात भाजते आणि ते रात्री कळते. पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट घालावा.

बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेण्याची युक्ती काही जण हौसेने शिकवतात. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपू शकतो. ही युक्ती कोणाकडूनही शिकू नये.

परत येताना शिडीकडे घाईने पोहू नये. तांडेलाने इंजिन बंद करून हाताने खूण केल्यावरच जवळ जावे, पायातले फिन्स (पोहण्याचे रबरी पंखे) काढून आधी वर द्यावेत आणि मगच शिडीवर पाय ठेवावा.