प्रायमेट जीनोममधले उडते घटक: पहिला प्रकल्प एकाच आल्यूवर करा

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कलिना, परळ किंवा पवईच्या प्रयोगशाळांची दारं ठोठावणारे बरेच विद्यार्थी 'माणूस आणि चिंपांझीच्या सगळ्या ट्रान्सपोझॉनची तुलना' असला अवाढव्य विषय घेऊन जातात. ट्रान्सपोझॉन म्हणजेच उडते घटक: जीनोममध्ये जागा बदलणारे किंवा नक्कल होऊन पसरणारे डीएनएचे तुकडे. सहा महिन्यांत तो उरकत नाही. उरकलाच तर हाती नुसता तक्ता येतो, आणि त्यातली एकही ओळ तुम्हाला तोंडी परीक्षेत पटवून देता येत नाही. त्यापेक्षा एकच आल्यू (प्रायमेट जीनोमभर विखुरलेला छोटा उडता घटक) घ्या. तो कुठे घुसला, वंशवृक्षाच्या कोणत्या शाखेत घुसला आणि तिथे खरोखर घुसलाच का, एवढं सिद्ध करा.

थोडे आकडे तोंडपाठ हवेत. आल्यू सुमारे ३०० बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर). माणसात त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती, म्हणजे जीनोमचा साधारण १० टक्के भाग. एल-१ हा दुसरा, मोठा उडता घटक; पूर्ण लांबीचा असेल तर सुमारे ६००० बेसचा. त्याच्या ५ लाखांच्या आसपास प्रती, १७ टक्के. पण यातल्या बहुतेक पुढच्या टोकाने तुटलेल्या असतात. अजून उडी मारू शकतील अशा एल-१ प्रती एका माणसात ८० ते १०० च. आल्यूकडे स्वतःचं एन्झाइम नाही, तो एल-१चंच वापरतो: आयत्या बिळावर नागोबा. मुलाखतीत हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी मक्यात शोधलेल्या उडत्या घटकांचं 'कापा-चिकटवा' चित्र माणसाला लावणं. आपल्या वंशातले डीएनए ट्रान्सपोझॉन सुमारे ३.७ कोटी वर्षांपासून थंड आहेत. आल्यू आणि एल-१ आरएनएमार्फत नक्कल करतात, मूळ प्रत जागेवरच राहते.

या नक्कल करण्याच्या पद्धतीमुळे खुणा उरतात. शेवटी 'ए'ची शेपटी असते आणि दोन्ही बाजूंना यजमान डीएनएचा ७ ते २० बेसचा तोच तुकडा दोनदा दिसतो. ही दुहेरी खूण सापडली नाही तर तो घटक प्रकल्पासाठी घेऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. यूसीएससी ब्राउझरवर (जीनोम पाहायचं संकेतस्थळ) एचजी३८ ही माणसाच्या जीनोमची आवृत्ती उघडा आणि रिपीटमास्करच्या (पुनरावृत्त घटक ओळखणारं सॉफ्टवेअर) तक्त्यातून आल्यू-वाय गट वेगळा काढा. आल्यू-जे सर्वांत जुना, एस मधल्या वयाचा, वाय तरुण. भिन्नतेचा (गटाच्या मूळ क्रमापासून किती बेस बदलले त्याचा) रकाना हजारी प्रमाणात असतो: ५० म्हणजे ५ टक्के. त्याहून कमी असलेले आधी पाहा. इथे दोन खड्डे आहेत. तक्त्यातली सुरुवात शून्यापासून मोजलेली असते आणि ब्राउझरच्या पडद्यावर एकपासून, त्यामुळे एका बेसची चूक होते आणि दुहेरी खूण जुळत नाही. दुसरं, एल-१च्या मधोमध आल्यू घुसला असेल तर त्या एका एल-१च्या दोन ओळी दिसतात. रिपीटमास्करच्या मूळ .out फाइलमधला आयडी न पाहता ओळी मोजल्या की संख्या फुगते (यूसीएससीच्या तक्त्यातला आयडीचा रकाना यासाठी कामाचा नाही).

निवडलेल्या आल्यूच्या दोन्ही बाजूंचे ५०० बेस घ्या आणि चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, ऱ्हीसस यांच्या जीनोमवर ब्लॅट (यूसीएससीवरचं क्रम शोधायचं साधन) करा. रिकामी जागा म्हणजे नुसता आल्यू नसणं नव्हे. तिथे ती दुहेरी खूण एकेरी दिसली पाहिजे आणि शेजारचा क्रम सलग लागला पाहिजे. आल्यूसोबत शेजारचेही बेस गायब असतील तर ते बहुधा नंतर झालेलं विलोपन. तिथे 'एन'ची (न कळलेल्या बेसची) रांग असेल तर ती त्या जीनोमच्या बांधणीतली पोकळी, निष्कर्ष शून्य. लिफ्टओव्हरने (एका जीनोममधली जागा दुसऱ्यात शोधणारं साधन) 'सापडलं नाही' म्हटलं म्हणून 'चिंपांझीत नाही' असं लिहू नका. परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

एकाच जागी दोनदा स्वतंत्र घुसणं किंवा मागमूस न ठेवता निघून जाणं फार दुर्मीळ, म्हणून वंशवृक्षासाठी आल्यूची साक्ष वजनदार ठरते. तरी एखादा आल्यू माणूस आणि गोरिलात सापडतो, चिंपांझीत नाही. घाबरू नका. या तीन शाखा थोड्या काळात फुटल्या आणि पूर्वजांच्या समूहात असलेली विविधता वेगवेगळी वाटली गेली. म्हणून एका जागेवरून झाड काढायचं नाही.

पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवणं) करायचाच तर काही माणसांत असणारा आणि काहींत नसणारा आल्यू निवडा. त्यालाही संमतिपत्र आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. बोरिवलीच्या उद्यानातल्या माकडांचे नमुने तर वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलायचेच नाहीत. प्रायमर (तुकड्याची दोन टोकं ठरवणारे छोटे डीएनए-धागे) आल्यूच्या बाहेर, जीनोममध्ये एकदाच येणाऱ्या क्रमावर बसवा. आत बसवलात तर जेलवर लांबलचक फराटा येतो. २५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात २० ते ५० नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. विस्ताराला (पीसीआरमध्ये नवा धागा बांधण्याच्या टप्प्याला) एक मिनिट द्या, जेल २ टक्के. दोन पट्ट्यांत सुमारे ३०० बेसचा फरक दिसतो. आखूड तुकडा लवकर वाढतो, त्यामुळे एक प्रत भरलेली, एक रिकामी असा नमुना कधी कधी पूर्ण रिकामा वाटतो. विस्ताराची वेळ वाढवून पुन्हा चालवा. वर तिसरी फिकट पट्टी दिसली तर बहुतेक वेळा ती दोन वेगळ्या धाग्यांची जोडी असते, नवा घटक नव्हे.

आरएनएचा डेटा दुसऱ्या प्रकल्पासाठी ठेवा. १५० बेसचा रीड (यंत्राने वाचलेला तुकडा) कुठल्या आल्यूचा हे अनेकदा ठरत नाही. नेहमीची मोजणी असे रीड टाकून देते आणि 'आल्यू बंद आहेत' असा खोटा निकाल लागतो. शिवाय रीड जीनोमवर जुळवणाऱ्या स्टार या सॉफ्टवेअरला माणसाच्या जीनोमसाठी ३० जीबीच्या आसपास रॅम लागते. एका आल्यूचं काम मात्र साध्या लॅपटॉपवर होतं.

उत्क्रांतीबद्दल लिहिताना हात आखडता घ्या. बहुतेक प्रती कुणाचं भलं-बुरं न करता पडून आहेत. चांगल्या पुराव्याचा नमुना म्हणून २०२४ साली 'नेचर'मध्ये आलेलं, वानरांची शेपटी कशी गेली यावरचं काम वाचा. वानरांच्या (गिबन ते माणूस) टीबीएक्सटी जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) आल्यू-वाय घुसला. शेजारी उलट्या दिशेने जुना आल्यू होताच. आरएनएत दोघे एकमेकांना चिकटतात आणि मधला एक्सॉन (एरवी आरएनएत राखला जाणारा भाग) गाळला जाऊ शकतो. तो एक्सॉन नसलेलं रूप उंदरांत तयार करवलं तेव्हा शेपट्या आखूड झाल्या किंवा आल्याच नाहीत. घुसण्याची जागा, यंत्रणा आणि प्राण्यातला परिणाम, तिन्ही दाखवले आहेत. तुमच्या प्रबंधात यातलं पहिलंच असेल, तर शीर्षकात 'भूमिका' हा शब्द नको, 'उपस्थिती' लिहा.