स्किनचं पोस्टिंग वाया जाऊ नये म्हणून

एमडी डीव्हीएलची, म्हणजे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोगातल्या पदव्युत्तर पदवीची जागा नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या रँकवर मिळते, सर्टिफिकेटांच्या फाइलवर नाही. त्यामुळे सुट्टीत पैसे भरून पील (रसायनाने त्वचेची साल काढणं) नि लेझरचे दोन दिवसांचे कोर्स करणाऱ्या एमबीबीएसच्या मुलांना सांगणं एवढंच की पैसे वाचवा आणि आपल्याच कॉलेजच्या स्किन ओपीडीत, रेसिडेंट डॉक्टरच्या शेजारी उभे राहा. इंटर्नशिपमध्ये या विभागाच्या वाट्याला जेमतेम एक आठवडा येतो. तो नुसता प्रिस्क्रिप्शन लिहिण्यात गेला, तर हाती काही लागत नाही.

पहिल्या दिवशी केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून स्लाइडवर बुरशी शोधण्याची चाचणी शिकून घ्या. गजकर्णाचे पेशंट रोज येतात, सामानही फारसं लागत नाही. जागा स्पिरिटने पुसून वाळू द्या. १५ नंबरचं ब्लेड त्वचेला काटकोनात धरून कडेची, म्हणजे पसरत असलेल्या लालसर भागाची साल खरवडा. मधला भाग बरा होत आलेला असतो, तिथे बुरशी सापडत नाही. स्लाइडवर १० टक्के केओएचचे एक-दोन थेंब टाकून कव्हरस्लिप ठेवा आणि १५-२० मिनिटं हात लावू नका. नखाचा तुकडा असेल तर द्रावण तीव्र लागतं, स्लाइड रात्रभरही ठेवावी लागते. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली घ्या, उजेड कमी करा, आधी १०एक्स, मग ४०एक्स. नवखे बहुतेक इथेच फसतात: पेशींच्या कडेकडेने जाणारी जाळी दिसली की 'हायफी' (बुरशीचे तंतू) म्हणून मोकळे होतात. खरा हायफा पेशींच्या सीमा ओलांडून जातो, त्याला फांद्या फुटतात, मध्ये पडदे दिसतात.

स्लाइड निगेटिव्ह आली तर आधी पेशंटला विचारा, काय लावत होता? मेडिकलवाल्याने दिलेली स्टेरॉइड, अँटिफंगल आणि अँटिबायोटिकची मिश्र ट्यूब खिशातून निघते. अशा क्रीमने कड पुसट होते, खाज तेवढ्यापुरती थांबते आणि गजकर्ण ओळखू येईनासं होतं. ट्यूब बघायलाच मागा. 'साधं मलम होतं' या उत्तरावर थांबू नका.

दुसरी गोष्ट कुष्ठरोगाची, आणि ती महाराष्ट्रात शिकायची नाही तर कुठे? 2005 अखेर देशपातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं, तरी चंद्रपूर-गडचिरोलीकडे नवे रुग्ण सापडत राहिले आहेत. मुंबईत असाल तर वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय बघून या. पण हात ओपीडीतच बसतो. संवेदना तपासताना आधी पेशंटचे डोळे उघडे ठेवून निरोगी त्वचेवर कापसाची वात टेकवून दाखवा. मग डोळे मिटायला लावा आणि जिथे स्पर्श कळेल तिथे बोट ठेवायला सांगा. दर वेळी 'लागतंय का?' असं विचारलंत तर पेशंट मान राखून 'हो' म्हणतो आणि तपासणी तिथेच संपते. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असू शकते, तेवढ्यावर निदान बाद करू नका. कोपरामागची अल्नर आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची कॉमन पेरोनियल नस (मज्जातंतू) दोन्हीकडची चाचपून पाहा, कारण जाडी तुलनेनेच कळते. चट्टे पाचपर्यंत असतील तर सहसा पीबी (पॉसिबॅसिलरी, कमी जंतूंचा प्रकार), सहा महिने एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार. सहा किंवा जास्त असतील अथवा स्मिअर (त्वचेच्या नमुन्यात जंतू शोधण्याची तपासणी) पॉझिटिव्ह असेल तर एमबी (मल्टिबॅसिलरी, जास्त जंतूंचा प्रकार), बारा महिने. या औषधांना पैसे पडत नाहीत, हेही पेशंटला सांगा.

संशोधनात रस असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप) योजना आहे, दोन महिन्यांच्या प्रकल्पाची. गाइड स्वतःच्याच कॉलेजचा बघा. विषय निवडताना मोह आवरा. पेम्फिगस हा त्वचेवर फोड येणारा दुर्मीळ आजार वाचायला भारी वाटतो, पण दोन महिन्यांत पेशंट किती येणार? स्टेरॉइड लावून बिघडलेलं गजकर्ण घ्या, रांग लागलेली असते. नैतिकता समितीची मंजुरी अडकते ती बहुधा मराठी संमतिपत्र नीट नसल्याने, म्हणून ते प्रस्तावाबरोबरच तयार ठेवा.

फोटो काढायचा तर लेखी संमती घ्या, पार्श्वभूमीला साधी निळी चादर धरा. एक फोटो लांबून, एक जवळून, शेजारी स्केल ठेवून. वॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. चेहरा झाकला तरी गोंदण आणि मंगळसूत्र ओळख सांगतात.