शेवाळ गोळा करायला निघालाय? मग पिवळं पडलेलं पण उचला

बीएस्सी बॉटनीची पोरं शेवाळ आणायला गेली की नेमकं सगळ्यात हिरवंगार, चकचकीत दिसणारं तेवढंच आणतात आणि मग प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपात डोकं घालून म्हणतात, सर रिप्रॉडक्शन कुठं दिसंना. दिसणार कसं ओ? जोमात असलेलं शेवाळ नुसतं वाढत असतं, फार तर तंतू तुटतो आणि त्या तुकड्याचा नवा तंतू होतो. पाणी आटायला लागलं, ऊन चढलं की मग ते पुढच्या पावसाची सोय करायला लागतं. म्हणून रचना बघायची तर हिरवं आणा, रिप्रॉडक्शन बघायचं तर पिवळट, मळकट, कडेला लागलेलं आणा, आणि दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत.

सामान फार लागत नाही. रुंद तोंडाच्या बाटल्या, जुना टूथब्रश, ब्लेड, ड्रॉपर आणि पेन्सिल (पेनाची शाई पाणी लागलं की गेली). बाटली अर्धीच भरायची, वर हवा पाहिजे, आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत सगळं कुजून वास सुटतो. जुलै-ऑगस्टात आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेकडं जाऊ नका, पूर असतो आणि गढूळ पाण्यात मिळतही नाही काही. नोव्हेंबर ते मार्च बेस्ट. रंकाळा, कळंबा ही तळी आहेतच, पण खरा माल उसाच्या रानातल्या पाटात, विहिरीच्या कडेला आणि जनावरांच्या हौदात असतो.

सापडलं की आधी बोटात धरून बघा. बुळबुळीत असेल, बोटातून निसटत असेल तर बहुतेक स्पायरोगायरा, त्याच्या तंतूवर म्युसिलेज (चिकट बुळबुळीत थर) असतं. खरखरीत लागलं आणि फांद्या फुटलेल्या दिसल्या तर क्लॅडोफोरा, त्याला हे म्युसिलेज नाही, त्यामुळं त्याच्या अंगावर डायटम (सिलिकाच्या कवचाचं बारीक शेवाळ) आणि काय काय चिकटलेलं असतं. चक्क जाळी दिसली तर हायड्रोडिक्टिऑन, ते नुसत्या डोळ्यांनी पण कळतं.

स्पायरोगायरावर मात्र वेळ घालवा, एका स्लाइडवर एवढं दाखवणारं दुसरं शेवाळ नाही. दोन-तीन तंतू घ्या, गोळा नको. लांब पेशी, आत फिरकी घेत गेलेली क्लोरोप्लास्टची पट्टी, पट्टीवर पायरेनॉइडचे ठिपके (यांच्याभोवती स्टार्च साठतं), आणि मधे सायटोप्लाझमच्या धाग्यांवर तोललेला न्यूक्लिअस. आयोडीनचा एक थेंब सोडला की पायरेनॉइडभोवतीचं स्टार्च निळं-काळं होतं. आता पिवळट बाटलीतलं लावा. दोन तंतू शेजारी शेजारी, दोन्हीकडून फुगवटे येऊन भिडलेत, मधली भिंत विरघळून नळी झालीय, आणि एका तंतूतला सगळा ऐवज आकसून नळीतून पलीकडं सरकतोय. शेवटी एक तंतू रिकामा आणि दुसऱ्यात अंडाकृती झायगोस्पोर (दोन्ही ऐवज जुळून झालेले बीजाणू) भरलेले. फ्लॅजेला (पोहायची शेपटी) कुणालाच नाही, सरपटत जायचं. दोन्ही गॅमीट (लैंगिक पेशी) दिसायला सारखेच, जो सरकतो त्याला नर म्हणायचं एवढंच. झायगोस्पोर जाड कवचाचा असतो, तळं आटलं तरी चिखलात पडून राहतो, उगवायच्या आधी त्याच्यात मायोसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) होऊन चार न्यूक्लिअस होतात, तीन मरतात, एकच नवा तंतू काढतो.

झूस्पोर, म्हणजे पोहणारे बीजाणू, बघायचे असतील तर ते स्पायरोगायरात शोधू नका, नसतातच. त्यासाठी इडोगोनियम किंवा क्लॅडोफोरा. ताजं आणलेलं स्वच्छ पाण्यात घालून रात्रभर अंधारात ठेवा, सकाळी उजेडात आणून लगेच स्लाइड करा, बऱ्याचदा सुटताना सापडतात. इडोगोनियमच्या झूस्पोरला पुढच्या टोकाला फ्लॅजेलाचं कडंच असतं.

राधानगरी, गगनबावड्याकडच्या भातखाचरात, निवळ पाण्यात कारा बघा. रोपटं समजून लोक सोडून देतात. हाताला चुन्याची कचकच लागते, वास लसणासारखा उग्र. पेरं असतात, आणि पेराच्या मधला मुख्य भाग म्हणजे एकच लांबलचक पेशी, कित्येकदा काही सेंटीमीटरची! हँडलेन्सनं पेरापाशी बघा, खाली नारिंगी गोळा तो नर आणि त्याच्या वर पीळ घातलेला अंडाकृती भाग मादी. नाद खुळा.

आता निळं-हिरवं शेवाळ. उन्हाळ्यात रंकाळ्याच्या कडेला हिरवा जाड थर येतो त्यात बघा मायक्रोसिस्टिस सापडतं का. पेशींत गॅसच्या पोकळ्या, म्हणून वर तरंगतं, आणि सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस मिळालं की माजतं. काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं लिव्हरला घातक विष बनवतात, ग्लोव्हज घाला आणि ते पाणी जनावराला पाजू नका. हे खरं तर बॅक्टेरिया, न्यूक्लिअस नाही, नर-मादी भानगड नाही, नुसतं विभाजन. फ्रिश या शेवाळतज्ज्ञानं 1935 मध्ये शेवाळाचे जे 11 वर्ग पाडले त्यात यांना घेतलं, सिलॅबसमध्येही ते शेवाळातच शिकवतात, चालू द्या. पहिल्या पावसानंतर जमिनीवर जेलीचे गोळे दिसले तर नॉस्टॉक. तंतूत मधेच फिकट, जाड भिंतीची पेशी दिसते तो हेटरोसिस्ट, हवेतला नायट्रोजन तिथं बांधला जातो.

पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर पाण्याखाली तपकिरी निसरडा थर असतो, तो टूथब्रशनं खरवडा. डायटम. सिलिकाचं कवच, डबा आणि त्यावर बसणारं झाकण. विभाजन झालं की दोन्ही पोरी (नव्या पेशी) आपापला अर्धा भाग झाकण म्हणून घेतात आणि आतला लहान डबा नवा करतात, त्यामुळं एका बाजूची पिढी बारीक होत जाते. फारच बारीक झाली की गॅमीट जुळून ऑक्झोस्पोर होतो, तो कवच टाकून फुगतो आणि मूळ साइझ परत येते. म्हणून एकाच जातीचे लहान-मोठे दिसले तर वेगळ्या जाती लिहू नका.

तपकिरी आणि लाल शेवाळासाठी मात्र घाट उतरा. गोड्या पाण्यात लाल अगदी थोडी. डिसेंबर-जानेवारीत अमावस्या-पौर्णिमेची ओहोटी गाठून रत्नागिरी किंवा मालवणच्या खडकांवर जा. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, परवानगीशिवाय तिथं काही उपटू नका. सरगॅसम या तपकिरी शेवाळाला खडक धरणारा होल्डफास्ट, पानांसारखे भाग आणि हवेचे फुगे असतात. याला अलैंगिक बीजाणूच नाहीत, फुगीर टोकाचा ब्लेडनं पातळ छेद घेतला की आतल्या पोकळ्यांत नर-मादी अवयव दिसतात. लाल शेवाळात कुणालाच फ्लॅजेला नाही, नर पेशी पाण्याबरोबर वाहत जाऊन मादीच्या केसासारख्या ट्रायकोगाइनला चिकटते. पॉलिसिफोनिया हे लाल शेवाळ उचलताना बारीक सुरईच्या आकाराचे सिस्टोकार्प (फलनानंतर होणारे बीजाणूंचे कोश) लागलेलं उचला.

ठेवायचं तर 4 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, अंधारात, नाहीतर रंग उडतो. हर्बेरियमला ट्रेमधल्या पाण्यात कागद बुडवून त्यावर शेवाळ पसरवा, हळू उचला, वर मलमलचा तुकडा टाकून दाबा नाहीतर ते ब्लॉटिंग पेपरलाच चिकटतं, आणि ब्लॉटिंग रोज बदला.