लांब पल्ल्याची वापरलेली मोटारसायकल : मराठवाड्यातील खरेदी आणि दुरुस्ती

प्रवासासाठी वापरलेली मोटारसायकल घेऊ पाहणारा मनुष्य बहुधा आधी मॉडेल ठरवतो, मग गाडी शोधतो आणि ती दारात आल्यावर तिचे काम कोण करील याचा विचार करू लागतो. मराठवाड्यात हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे मत आहे. आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर कोणत्या इंजिनाचे काम जाणणारा मिस्त्री आहे, आणि त्याला लागणारे सुटे भाग छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या दुकानांतून दोन-चार दिवसांत येतात का, हे आधी विचारून घ्यावे. हिंगोलीत किंवा परांड्यात राहणाऱ्याची गाडी एखाद्या सेन्सरसाठी महिनाभर उभी राहिली, तर खरेदीच्या वेळी घासाघीस करून वाचवलेल्या पैशांचे समाधान फार दिवस टिकत नाही.

या कसोटीवर काही गाड्या चांगल्या उतरतात. २०२० पर्यंत विकली गेलेली रॉयल एनफील्ड थंडरबर्ड ३५० ही ३४६ सीसीच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची, कार्ब्युरेटरची (म्हणजे सेन्सरऐवजी साध्या यांत्रिक भागाने पेट्रोल आणि हवा मिसळणारी) गाडी असून २०१२ नंतरच्या आवृत्तीची टाकी २० लिटरची आहे; तिचे इंजिन उघडणारे हात जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात. बजाजची डोमिनार ४०० वेगवान आणि भरवशाची आहे, पण तिचे इंजिन पाण्याने थंड होते आणि त्याला तीन स्पार्क प्लग आहेत, त्यामुळे साध्या गॅरेजमध्ये तिला घाईने हात लावू देऊ नये. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ चे पुढचे चाक २१ इंचांचे असल्याने खराब रस्त्यावर ती निवांत चालते. मात्र तिच्या चाकांना तारा आणि ट्यूब आहेत, म्हणजे पंक्चर निघाले की चाक खोलणे आलेच. कमी उंचीच्या चालकाला बजाजची अ‍ॅव्हेंजर २२० सोयीची पडते आणि हलकी गाडी हवी असणाऱ्याने हिरोची एक्सपल्स २०० पाहावी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले, आणि रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन किंवा ट्रॉलीतून सांडलेला ऊस समोर आला की त्याची किंमत कळते. दोन सारख्या गाड्यांतून निवड करायची असेल, तर एबीएस असलेली निवडावी.

कमाल वेगाच्या आकड्याकडे फार लक्ष देण्याचे कारण नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, त्यामुळे आपला प्रवास सोलापूर-धुळे महामार्गावरून आणि तालुक्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवरून होणार आहे. तेथे गतिरोधक, वळणे, बैलगाड्या आणि खड्डे यांच्याशी गाठ असल्याने कमी वेगातली ओढ, ब्रेक आणि शॉकअप यांची प्रकृती जास्त महत्त्वाची ठरते.

पसंतीची गाडी कोठून आली आहे, यावर तपासणीचा रोख ठरतो. मुंबई-कोकणातून आलेल्या गाडीच्या सायलेन्सरवर, रिमवर, तारांच्या मुळाशी आणि टाकीच्या खालच्या बाजूने खाऱ्या हवेचा गंज शोधावा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिवसह मराठवाड्याच्या मोठ्या भागात पाणी शिरले होते, त्यामुळे आता स्थानिक गाडीही पाण्यात राहिलेली नाही ना, हे पाहणे आवश्यक झाले आहे. मीटरच्या काचेच्या आत ओलाव्याचे डाग, सीटखालच्या वायरिंगच्या जोडांत वाळलेला बारीक गाळ, हेडलाइटच्या आत आलेली धूसर छटा आणि एअर फिल्टरच्या पेटीच्या तळाशी चिकटलेली माती या खुणा पाणी आणि पॉलिश यांनी सहसा जात नाहीत. नांदेड, देगलूर, उदगीर या भागांत हैदराबाद आणि बीदरकडील गाड्या स्वस्त मिळतात. पण त्यांना मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरून येथे पुन्हा नोंदणी करावी लागते. तो खर्च आणि हेलपाटे किमतीत धरल्यावर स्वस्ताई कितपत उरते, ते कागदावर मांडून पाहावे. परराज्याची पाटी ठेवून वर्षानुवर्षे गाडी फिरवणारे पुष्कळ दिसतात, परंतु कायद्याने ही सवलत बारा महिन्यांपुरतीच आहे.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी ते गाडी पाहण्याआधी करावे, कारण गाडी आवडल्यावर माणूस कागदांकडे डोळेझाक करतो. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील आकड्यांशी एकेक अक्षर लावून पाहावेत. चासी क्रमांकाच्या जागी घासल्याच्या किंवा पुन्हा रंगवल्याच्या खुणा असतील, तर बोलणे तेथेच थांबवावे. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर मालकी, विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलने दिसतात. बोजा असेल तर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो; आधीच्या मालकाची नो क्लेम बोनसची (विम्याचा दावा न केल्याबद्दलची) सवलत गाडीबरोबर येत नाही, ती त्याच्याकडेच राहते. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी नेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. विक्रेता त्यासाठी आग्रह धरत असेल, तर अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, हे त्याला सांगावे; बहुतेक जण त्यानंतर स्वतःहून कार्यालयात यायला तयार होतात. नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली असतील, तर नूतनीकरणाचा खर्चही हिशेबात घ्यावा.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये, असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. आधीच गरम केलेले इंजिन आपले दोष झाकते. पोहोचताच सायलेन्सरला हात लावून तो थंड असल्याची खात्री करावी, मग गाडी सुरू करून धूर पाहावा. सुरुवातीचा पांढुरका धूर म्हणजे बहुधा नळीतला ओलावा असतो आणि तो लवकर थांबतो. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळत आहे. तो अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा देताना भसकन येत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलचा, आणि ओढीवर सतत येत असेल तर पिस्टन रिंगचा संशय घ्यावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. हा दोष तुलनेने स्वस्तात दूर होतो. टायमिंग चेनची खळखळ, क्लच दाबल्यावर बदलणारा आवाज आणि हेडमधली टिकटिक यांतला फरक कानाला कळत नसेल, तर ज्याच्याकडे पुढे काम करून घ्यायचे आहे त्याच मिस्त्रीला त्याची मजुरी देऊन बरोबर न्यावे.

चासी सरळ आहे की नाही, हे एका लांब दोरीने कळते. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणावी. हँडल सरळ असताना पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखे अंतर सुटले पाहिजे. स्टिअरिंगच्या गळ्यापाशी वेल्डिंगची रेघ, रंगाखाली उठलेल्या सुरकुत्या किंवा फूटरेस्टच्या एकाच बाजूला घासल्याच्या खोल खुणा दिसल्या, तर गाडी जोरात पडलेली आहे. मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल हळू फिरवावे. मधोमध ते अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट (हँडलच्या गळ्यातली बेअरिंग) बदलावा लागणार. मागचे चाक धरून आडवे हलवल्यावर खेळ जाणवला, तर स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेलेले आहे. मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चक्रावरची) चेन मागे ओढून पाहावी. दात उघडा पडण्याइतकी ती सुटत असेल किंवा दातांना आकड्यासारखा बाक आला असेल, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावे लागतील. नव्या चेनला जुने स्प्रॉकेट ठेवणे ही खोटी काटकसर आहे.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. फूटरेस्टची रबरे, हँडलच्या मुठी, ब्रेकच्या पायट्याची कड आणि सीटची शिवण यांची झीज आकड्याशी जुळते का ते पाहावे, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील जुन्या नोंदी विक्रेत्याला मागाव्यात. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होते, म्हणून पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर चांगला दिसला तरी किमतीतून वजा धरावा.

चाचणी फेरी गावातल्या गल्लीत घेऊन उपयोग नाही. बीडजवळ मांजरसुंब्याचा घाट किंवा कन्नडचा घाट हाताशी असेल तर उत्तम. वरच्या गिअरमध्ये चढावर ओढताना इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरत आहेत. उतारावर ब्रेक दाबताना हँडल थरथरले, तर डिस्क वाकडी आहे. एप्रिल-मेच्या दुपारी, ४२ अंशांच्या उन्हात, चौकातल्या गर्दीत थांबून पाहणे हीदेखील चांगली परीक्षा आहे. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीचा पंखा तेव्हा आपोआप सुरू झाला पाहिजे आणि गरम इंजिन बंद करून लगेच सुरू होते का, तेही कळते.

एकूण ठरवलेल्या रकमेतील निदान एक चतुर्थांश भाग दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. हा पैसा क्रॅशगार्ड, फॉगलाइट आणि सामानाच्या पेट्या यांवर आधी खर्च करण्याचा मोह फार होतो, विशेषतः गाडी मित्रांना दाखवायची असते तेव्हा. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात ब्रेक घ्यावेत: पॅड, होज आणि डॉट ४ चा ताजा ब्रेक फ्लुइड, कारण तो हवेतला ओलावा शोषतो आणि जुना झाला की घाटात गरम होऊन दगा देतो. नंतर टायर, चेन सेट, कोनसेट आणि पुढच्या शॉकअपचे सील व ऑइल पाहावे. इंजिन ऑइल आणि फिल्टर मागच्या मालकाने कालच बदलला असे सांगितले तरी पुन्हा बदलावा. काढलेले ऑइल कापडावर ओतून उन्हात धरावे, चमकणारे धातूचे कण जास्त दिसले तर इंजिन उघडण्याची तयारी ठेवावी. इंजिन नीट चालत असेल तर मात्र केवळ हौसेने ते उघडू नये.

अनेक महिने उभ्या राहिलेल्या गाडीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते, ते पाणी टाकीच्या तळाशी आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत साचून गंज धरते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही त्याने कडक किंवा चिकट होतात. नळ्या बदलाव्यात, कार्ब्युरेटर साफ करून घ्यावा आणि टाकीत बॅटरीचा प्रकाश टाकून आतला रंग पाहावा.

वायरिंगकडे मिस्त्री सहसा शेवटी वळतात, पण रस्त्यात गाडी बंद पडण्याचे ते मोठे कारण आहे. आधीच्या मालकाने लावलेले मोठे हॉर्न, रंगीत दिवे आणि टेप गुंडाळलेले जोड सगळे काढून मूळ वायरिंग पूर्ववत करावे, आणि जादा दिवे हवेच असतील तर ते रिले आणि स्वतंत्र फ्यूज घालूनच बसवावेत. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.५ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून कमी असेल तर बॅटरी बदलण्याआधी रेग्युलेटर आणि चार्जिंग कॉइल तपासावी, नाहीतर नवी बॅटरीही लवकरच उतरते.

देखभालीच्या पुस्तिकेतले अंतर आपल्या धुळीसाठी थोडे कमी धरावे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरांमागे धावणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतल्या वेळेआधीच भरतो. चेन दर पाचशे किलोमीटरला रॉकेल किंवा डिझेलने पुसून नव्वद नंबरचे गिअर ऑइल बेताने लावावे. जास्त लावलेले ऑइल धूळ धरून ठेवते. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर काळी माती पुढच्या मडगार्डमध्ये अशी दाटते की चाक फिरेनासे होते, म्हणून मडगार्ड आणि टायर यांत जागा किती आहे ते आधीच पाहावे आणि माती खरडायला एक चपटी पट्टी सामानात ठेवावी.

काम पूर्ण झाल्यावर थेट माहूर किंवा तुळजापूर गाठू नये. प्रथम वेरूळ किंवा पैठण यांसारखे, संध्याकाळपर्यंत घरी परतता येईल असे अंतर, एकट्याने आणि सामानाशिवाय करावे. मग तेवढेच अंतर मागे माणूस आणि बॅगा घेऊन करावे. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही चाकांचे अ‍ॅक्सल, हँडल, सायलेन्सर आणि सामानाच्या स्टँडचे नट पान्याने पुन्हा आवळावेत, गाडीखाली रात्रभर कोरा पुठ्ठा ठेवून ऑइल कोठून गळते ते पाहावे, आणि जे सैल निघाले किंवा गळले त्याची नोंद करून ते मिस्त्रीला दाखवावे. सलग दोन फेऱ्यांत पुठ्ठा कोरा राहिला आणि पान्याखाली एकही नट हलला नाही, की अजिंठ्यापलीकडचा रस्ता धरायला हरकत नाही.